पट्ट्यावरची अकरावी जागा

मावशींचे डोळे कधीच गेले नव्हते.

ही गोष्ट आजवर मी कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मिलच्या अध्यक्षांना नाही, आणि ज्यांचे डोळे त्या मावशींना तर नाहीच नाही. त्या आजही गळ्यात काळ्या दोरीनं चष्मा अडकवून कामाला येतात. पट्ट्यासमोर बसल्या की तो दोन्ही हातांनी कपाळाला लावतात, नाकावर चढवतात आणि मग त्याच्या वरून बघत डाळ निवडतात. काचेतून बघतच नाहीत. हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. माझ्या रोज लक्षात येतं, आणि रोज मी हजेरीच्या वहीत डोकं घालतो.

मी कमी बोलणारा माणूस. पन्नाशी उलटली तरी घरातले म्हणतात, याच्या तोंडून चार शब्द काढायचे तर आधी दोन कप चहा पाजावा लागतो. कमी बोलण्याचा एक फायदा असतो, लोक त्याला चांगुलपणा समजतात. मीही तो समज कधी मोडला नाही. पण यंदा हुरड्याच्या वेळी जे घडलं, त्यानंतर गप्प बसणं जड जायला लागलं. म्हणून हे लिहायला घेतलंय.

आमची डाळ मिल परभणीहून ताडकळसला जाताना डाव्या हाताला लागते. आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली, आणि मी तिथला सुपरवायझर. तूर येते, भिजते, वाळते, भरडली जाते, आणि डाळ होऊन एका लांब रबरी पट्ट्यावरून सरकत शेवटी पोत्यात पडते. पट्ट्याच्या कडेनं अकरा बाया बसतात. खडा दिसला, मातीचं ढेकूळ दिसलं, काळा दाणा दिसला की बोटांनी टिपायचा आणि शेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. खडा पडला की डबा टण वाजतो, दाणा पडला की नुसता खुट्ट. मावशी स्वतःची डाळ निवडता निवडता दुसरीच्या डब्याचा आवाज ऐकायच्या आणि म्हणायच्या, "चांगला दाणा टाकलास बघ." डबा उपसला की चांगला दाणाच निघायचा.

साठी ओलांडलेली, बारीक चणीची, पोलक्याच्या बाहीत सुई टोचून ठेवणारी बाई. सगळ्यांची मावशी, माझीही. मिलमध्ये नवी बाई आली की तिला महिनाभर मावशींच्या शेजारी बसवायचं, असं ठरूनच गेलेलं. बाजारात ओळखीचा दुकानदार आमचं पोतं उघडताना गिऱ्हाइकाला सांगायचा की ही मावशीच्या हाताखालून गेलेली डाळ आहे, निवडायची गरज नाही. घरी त्यांचा नाद गोधडीचा. गल्लीतल्या बाया जुनी लुगडी आणून द्यायच्या आणि मावशी त्याला मुंगीच्या रांगेसारखे टाके घालायच्या. माझ्या थोरल्या मुलीच्या बारशाला दिलेली गोधडी अजून वापरात आहे. मुलगी इंजिनिअर झाली, पण पुण्याला जाताना ती गोधडी घेऊन गेली आणि दिवाळीला धुवायला परत घेऊन येते, कारण तिला वाटतं ती तिथल्या मशीनमध्ये खराब होईल.

पट्ट्यावर बायांचा एक जुना रिवाज होता. त्याला त्या फेरा म्हणायच्या. टोकाचं पोतं भरलं की तिथली बाई ओरडायची, "सरका गं," आणि सगळ्या एकेक जागा पुढं सरकायच्या. शेवटची उठून पाय मोकळे करायची, माठातलं पाणी प्यायची आणि पहिल्या जागेवर येऊन बसायची. दिवसभरात प्रत्येकीला प्रत्येक जागा मिळायची. सरकताना चिमटे काढणं, पदरावर बसणं, एकमेकींचा डबा लपवणं हे सगळं चालायचं. हा रिवाज कुणी लावला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तो वेळकाढूपणा वाटायचा. तेवढीच करमणूक, म्हणून मी चालू दिला होता.

गेल्या वर्षी रंग ओळखणारी मशीन आली. तिच्या पोटात कॅमेरे आहेत. दाणा वरून खाली पडता पडता ती त्याचा फोटो काढते आणि नको असलेला हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवते. पहिल्या दिवशी बायांनी तिला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग एकीनं मला विचारलं, "एवढे फोटो काढायली साहेब, पण दाखवायली कुणाला?" दुपारभर त्या एका वाक्यावर हसत होत्या.

अध्यक्ष मात्र हसले नाहीत. ते स्वतः शेतकरी, मनानं वाईट नाहीत, पण मशीन घेतली म्हणजे हात कमी झाले पाहिजेत एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अकरातल्या चार कमी कराव्या लागतील. कोण त्या मी ठरवायचं, पण तोंड बघून नाही, आकड्यांवर.

त्याच आठवड्यात मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला संभाजीनगरला पाठवलं होतं. थंडगार हॉल, पाण्याच्या छोट्या बाटल्या, आणि समोर एक तरुण प्रशिक्षक फळ्यावर बाण काढत होते. त्यांचं म्हणणं असं की कामात काही बिघडलं तर आपण आधी माणूस शोधतो. ते सोडा, आधी मांडणी बघा. कशातून काय होतं त्याचे बाण काढा, बाण फिरून कुठं येतो ते बघा. याला त्यांनी व्यवस्थेचा विचार असं नाव दिलं होतं. पुढं यंत्रं वाढतील, तेव्हा तर हा विचार जास्तच लागेल, म्हणाले. मी सगळं लिहून घेतलं. 'आधी मांडणी बघा' या वाक्याखाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या.

आणि परत येऊन बरोबर उलटं केलं.

आकडे हवे म्हणजे कुणी किती खडे काढले ते कळायला हवं. बाया सारख्या सरकत राहिल्या तर कुणाचा डबा कुठल्या जागेवर भरला ते कसं कळणार? म्हणून मी फेरा बंद केला. जागांना एक ते अकरा आकडे रंगवले. ज्या बाईची जागा, तीच दिवसभर, रोज. संध्याकाळी पाचला काम थांबलं की प्रत्येकीचा डबा तोलायचा आणि वजन दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी फळ्यावर लिहायचं. सगळ्यात कमी वजन लाल खडूनं.

जागा वाटताना पहिल्या दहा पटापट गेल्या. अकरावी कुणी घेईना. टोकाला पट्टा खाली वळतो तिथं दाणे उड्या मारतात, खाली मोटार हादरत असते आणि दुपारी शटरमधून ऊन सरळ डोळ्यांवर येतं. मी वहीवर पेन आपटत उभा होतो. तेव्हा मावशी म्हणाल्या, "पोरींना कामून बसवता तिथं? मी बसते की."

हे वाक्य मी विसरलेलो नाही.

पुढचं तुम्हाला आत्ताच कळलं असेल. पहिल्या जागेवरच्या बाईसमोरून सगळे खडे जातात, तिचा डबा भरणारच. दहा जणींनी टिपून उरलेलं अकरावीसमोर येतं, तिच्या डब्यात काय पडणार? आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटलेला खडा शेवटी तिच्याच पुढून पोत्यात जातो, म्हणजे सुटल्याचा दोषही तिचाच. शाळेतल्या पोराला कळावं इतकं ते सरळ होतं. मला तीन आठवडे कळलं नाही, कारण माझ्याकडे तक्ता होता आणि तक्त्यात तारखा, वजनं, सरासरी, सगळं होतं. मावशींचं वजन रोज लाल.

त्या पहिले दोन दिवस हसल्या. नंतर चहाच्या वेळी फळ्याकडे पाठ करून बसायला लागल्या. मग नांदेडच्या एका व्यापाऱ्यानं खडे लागले म्हणून माल परत पाठवला. पोती उतरवून घेतली तेव्हा त्या स्वतःच माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या की साहेब, माझे डोळे गेले बहुतेक, मला पट्ट्यावरून काढा, मिलचं नाव जाईल. मी त्यांना अडवलं नाही. फाटका बारदाना दाभणानं शिवायला मागच्या शेडमध्ये बसवलं. चार कमी करायच्या होत्या, त्यातली एक आपोआप ठरली, असंही त्या वेळी माझ्या मनात येऊन गेलं. तेही लिहून टाकतो.

अकराव्या जागेवर मी पेडगावची बसवली. माहेर पेडगाव, म्हणून सगळ्या तिला पेडगावचीच म्हणतात. तिशीतली, तोंडाळ, हाताची चलाख. पहिल्या जागेवर असताना तिचा आकडा सगळ्यात वर असायचा. टोकाला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी लाल झाली. चहाच्या वेळी ती फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मला म्हणाली, "काल माझे डोळे गरुडाचे, आज घुबडाचे. जादू हाय व्हय साहेब तुमच्या फळ्यात?"

सगळ्या हसल्या. मी फळ्यावरचे आकडे पुन्हा वाचले.

ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी मिल बंद असते. त्या सकाळी मी एकटा गेलो, कुलूप काढलं, पट्टा चालू केला. डब्यांतले चाळीस खडे मोजून डाळीत मिसळले आणि पहिल्या जागेवर बसलो. तीसेक हाताला लागले. पुन्हा मिसळले आणि अकराव्या जागेवर बसलो. दाणे उड्या मारत होते, मोटारीनं मांडी थरथरत होती. ऊन अजून आलेलंही नव्हतं. निम्मेसुद्धा टिपता आले नाहीत. मग तक्ता उघडून नावांवर हात ठेवला आणि फक्त जागांचे आकडे वाचले. बाई कुणीही असो, एक नंबरला सगळ्यात जास्त, अकराला सगळ्यात कमी. मला त्या रिकाम्या मिलमध्ये मोठ्यानं हसू आलं. खरंच हसलो. संभाजीनगरचा सगळा हॉल माझ्या डोळ्यांपुढं आला, त्या दोन लाल रेघांसकट.

ठरवलं, उद्या मावशींना शेडमधून बोलवायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं की चूक माझी होती.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या आधी गेटवर उभ्या होत्या, डोळ्यांवर कोराकरकरीत चष्मा. बाजाराच्या दिवशीच तालुक्याच्या ठिकाणी डोळ्यांचं शिबिर होतं, नातवाला घेऊन तिथं जाऊन आल्या होत्या. चेहरा असा उजळलेला की जणू हरवलेलं काही सापडलं. शिबिरातली चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "काय लिवलंय बगा. आता पट्ट्यावर बसू का?"

चिठ्ठी इंग्रजीत होती, पण समजण्यासारखी. जवळची नजर उत्तम. लांबचं थोडं धूसर, त्यासाठी किरकोळ नंबर. म्हणजे चष्मा होता लांबचं बघायला. डाळ निवडायला त्याचा काही संबंधच नव्हता.

सांगायची वेळ हीच होती. चिठ्ठी हातात, मावशी समोर. पण पाठीमागून बाया येत होत्या, आणि मला दिसलं की या चिठ्ठीनं सगळं कसं सोपं होतंय. डोळे गेले होते, चष्मा आला, बाई परत कामावर. कुणाची चूक नाही. मी चिठ्ठीची घडी घातली आणि म्हणालो, "आता नीट दिसेल. या पट्ट्यावर."

एवढंच बोललो. माझा गुन्हा या पाच शब्दांचा आहे.

त्यानंतर जे झालं ते मात्र इतकं मजेचं झालं की गुन्हा त्याच्या खाली दबून गेला. मी जेवणाच्या सुट्टीत पट्टा बंद केला, सगळ्यांना फरशीवर गोल बसवलं आणि खडू देऊन सांगितलं की खडा पोत्यात जातो तो का जातो, ते आपण काढू. बाण कसे काढायचे ते दाखवलं. मला तो विचार हॉलमध्ये दोन दिवसांत जेमतेम कळला होता. यांना अर्ध्या तासात कळला. एक म्हणाली, पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्याला पोचलं न्हाई तर आमी वाफ्याला शिव्या देत न्हाई, वर कुठं फुटलं ते बघत जातो, तसंच ना? मी म्हटलं तसंच.

लिहिता सगळ्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी वस्तू मांडल्या. मधोमध खडा. काचेची बांगडी म्हणजे मशीन. काडेपेटी म्हणजे एसटी. मला कळेना, डाळीत एसटी कुठून आली. मग त्यांनी सांगितलं. पालमला जाणारी गाडी सव्वापाचला फाट्यावर येते. ती चुकली तर पुढची अंधार पडल्यावर. पूर्वी पाचला उठून हात धुऊन आरामात गाडी मिळायची. पण मी डबे तोलायला लागल्यापासून अकरा डब्यांना पंधरा-वीस मिनिटं जातात. म्हणून साडेचार झाले की अर्ध्या बायांचं लक्ष शटरकडे. डाळीकडे बघणार कोण?

पेडगावचीनं एक चिंचोका उचलला आणि काडेपेटीच्या मागे ठेवला. मी विचारलं, हे काय. म्हणाली, "तुमचा फळा."

मग तिनं बोटानं रेघ ओढत वाचून दाखवलं. फळ्यापायी तोलाई, तोलाईपायी उशीर, उशिरापायी गाडीची फिकीर, फिकिरीपायी खडा, खड्यापायी माल परत, आणि माल परत आला की साहेब फळा अजून मोठा करणार. बाण फिरून चिंचोक्यावर आला तेव्हा बाया इतक्या हसल्या की मशीन चालवणारा बाहेरून बघायला आला. मीही हसलो. माझ्या कारभाराचा एवढा स्वच्छ पंचनामा आधी कुणी केला नव्हता आणि त्यात मला कमीपणाही वाटला नाही, हे नवल.

तेवढ्यात एकीनं एक काळा खडा हातात घेऊन विचारलं, आणि मावशीचे डोळे? ते कुठं ठेवायचे?

मावशींनी तो खडा तिच्या हातातून घेतला आणि मधल्या खड्याला अगदी चिकटवून ठेवला. म्हणाल्या, "हितं. माझ्याच डोळ्यांतून निसटला ना."

मी तो काळा खडा उचलून फेकून देऊ शकलो असतो. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, चला, सुट्टी संपली.

त्या गोल बैठका पुढं आठवडाभर चालल्या. फळा पुसला गेला. मी जाहीर केलं की उद्यापासून रोटेशन, आणि पाच-सहा जणी एकदम म्हणाल्या, मंजे फेराच की. जागांचे आकडे त्यांनी स्वतः रॉकेलनं पुसले. शटरला पोत्याचा पडदा आला. सकाळची गाडी बायांना तशीही लवकर आणून सोडते, त्या गेटवर बसून राहतात. म्हणून काम अर्धा तास आधी सुरू करून संध्याकाळी अर्धा तास आधी थांबवायचं ठरलं. इतक्या वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं, कारण मी मोटारसायकलवर येतो.

राहिला चार जणींचा प्रश्न. तो मावशींनी सोडवला. मशीन जो माल उडवते तो जनावरांच्या भरड्यात जायचा. मावशींनी त्यातला ओंजळभर घेऊन पट्ट्यावर पसरला. खड्यांबरोबर निम्मी चांगली डाळ होती. मशीनला जरा शंका आली की ती उडवते, तिला विचारणार कोण. मावशी म्हणाल्या, "ती बी आमच्यासारखीच. एकटीला टोकाला बसवलीय. तिच्या पाठीमागं कुणीतरी बसाया पाहिजे."

मी ते पसरलेलं ढिगुळ अध्यक्षांना आणून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, हातानं डाळ चाळली. शेतकरी माणूस, फुकट जाणारा दाणा बघून त्यांच्या जिवाला लागलं. मशीनच्या मागे जुनं लाकडी टेबल मांडलं, काही बाया तिथं, काही पट्ट्यावर, आणि फेरा दोन्हीकडून. अकराच्या अकरा राहिल्या. त्या दिवशी पेडगावचीनं घरून तिखट-मिठाची भजी आणली होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण अध्यक्षसुद्धा बायांमध्ये खाली बसून खात होते आणि मशीनला एक भजं दाखवून म्हणत होते, हे उडवून दाखव.

मग आमचं नाव झालं. दुसऱ्या मिलमधले लोक बघायला यायला लागले. मला एका मेळाव्यात बोलवलं, शाल दिली, नारळ दिला. मी भाषणात व्यवस्थेचा विचार हे शब्द सात वेळा वापरले, असं बायकोनं घरी आल्यावर सांगितलं. ती पुढच्या रांगेत बसून मोजत होती. मावशींचं नाव मी एकदाही घेतलं नाही. घेतलं असतं तर डोळ्यांची गोष्ट निघाली असती.

मावशींना याचं काही नाही. त्या खूश असतात. बघायला आलेल्या पाहुण्यांना फेरा समजावून सांगतात आणि शेवटी न चुकता म्हणतात की आधी डोळे तपासा. तीन बायांना त्यांनी शिबिराला धाडलं. संध्याकाळी सुटल्यावर चष्मा नीट बसवून रस्त्याकडे बघतात आणि गाडी वळणावर असतानाच सांगतात, "यायली गं, पालम यायली." चष्मा त्याच कामाचा आहे, आणि ते काम तो चोख करतो. मला तेव्हाही हसू येतं. मग त्यांच्या पोलक्याच्या बाहीकडे लक्ष जातं. तिथं आता सुई नसते.

गोधड्या त्यांनी सोडल्या. सुया-दोऱ्याचा डबा सुनेला देऊन टाकला. पट्ट्यावर चष्म्यानं निभतं, पण टाक्याला खरा डोळा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

यंदा जानेवारीत पेडगावचीच्या वडिलांच्या शेतात आम्ही सगळे हुरड्याला गेलो. अकरा बाया, त्यांची लेकरं, अध्यक्ष, मी आणि माझी बायको. गोवऱ्यांची आगटी, त्यात भाजलेली कणसं, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. बाया गरम कणसं हातावर चोळून मोत्यासारखे हिरवे दाणे काढत होत्या आणि पाखडून ज्याच्या त्याच्या हातावर देत होत्या. पेडगावची माझ्या बायकोला विचारत होती की साहेब घरी बोलतात का, का तिथंबी फळाच लिहितात. बायको म्हणाली, फळा लिहिला असता तरी बरं झालं असतं.

मावशींच्या नातसुनेला दिवस गेलेत. त्यावरून बोलणं निघालं आणि माझ्या बायकोनं सहज म्हटलं की मग गोधडी तुमच्याच हातची हवी. मावशी हसल्या. म्हणाल्या की जुनी लुगडी काढून ठेवलीत, घड्या मोडून बघते आणि परत ठेवते. पणतवंडाला पहिली गोधडी माझ्या हातची द्यायची लय इच्छा होती. आता दुसऱ्या कुणाकडून शिवून घेऊ. त्या हे रडत म्हणाल्या नाहीत. साडीचा रंग सांगावा तसं सांगितलं.

आगटीचा धूर वळून त्यांच्या तोंडावर आला. त्यांनी चष्मा काढून पदरात गुंडाळला. माझ्या हातावर त्यांनी नुकताच हुरडा ठेवला होता, मी तोंडाकडे नेणार तेवढ्यात त्यांनी मनगट धरलं. "थांबा साहेब, कूस हाय." आणि माझ्या तळहातावरच्या पन्नास-साठ हिरव्या दाण्यांतून, डोळ्यांत धूर जात असताना, त्यांनी केसाएवढं हिरवं कूस दोन बोटांच्या चिमटीत उचलून बाजूला टाकलं. त्यांनी सांगूनही मला ते दिसलं नव्हतं.

बायकोनं विचारलं, "मावशी, बिनचष्म्याचं दिसलं?"

"चष्म्यापायी नजर सुधारली बाई," मावशी म्हणाल्या. "साहेबांनीच सांगितलं हुतं, आता नीट दिसेल म्हणून."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला काही माहीत नाही, पण ती भाषणातले शब्द मोजणारी बाई आहे. मी तो हुरडा खाल्ला. गोड होता. कणसं संपेपर्यंत आम्ही तिथं होतो, अध्यक्षांनी लेकरांबरोबर बोराच्या झाडाला दगड मारले, परत येताना टेम्पोत बायांनी गाणी म्हटली. वर्षातला सगळ्यात चांगला दिवस होता तो. आणि सगळा वेळ माझ्या तळहातावर त्या दोन बोटांची जागा कळत होती.

मिलमध्ये रोज चहाच्या वेळी कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचतं. बहुतेक पेडगावची. हे लिहिलेलं तिच्या हातात द्यावं आणि आपण वहीत डोकं घालून बसावं, असा विचार आधी केला होता. पण ती वाचील माझ्यापेक्षा चांगलं, आणि मी पुन्हा गप्पच राहीन. फळ्यावर लाल खडूनं मी लिहिलं होतं, सगळ्यांच्या देखत. तेव्हा बोलायचंही मीच, तिथंच.

चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात आहे. नातसुनेला अजून चार महिने अवकाश आहे. लहान गोधडीला मावशींच्या हातानं दोन महिने पुरतात.

मावशींचं माझ्याकडे देणं राहिलंय ते एवढं: अकरा बायांसमोर, फळ्यापाशी उभं राहून, ती चिठ्ठी मराठीत मोठ्यानं वाचणं, आणि सांगणं की डोळे तुमचे चांगले होते, जागा मी वाईट केली होती. ते मी अजून दिलेलं नाही.